‘पैसे भरा, लेखक व्हा’ म्हणतायत, माझ्या कथासंग्रहाचं करू काय?

गडहिंग्लजचं_पोरगं

नमस्कार मंडळी. मूळचा गडहिंग्लजकडचा, नोकरीमुळं सध्या कोल्हापुरात, उजळाईवाडीला राहतोय. गेली काही वर्षं कथा लिहितोय, टाइप करून बघितलं तर पुस्तकाएवढं झालंय, एकशेसाठ पानं धरा. विषय आपल्याकडचेच, कारखान्याची निवडणूक, मिरचीचा बाजार, रात्रीच्या लाइटीवर पाणी पाजणारा म्हातारा, एक-दोन शहरातल्या पण हाईत. फेसबुकवर जाहिरात बघून एका प्रकाशनाला मेल टाकला तर दुसऱ्याच दिवशी फोन, सर तुमचं लेखन फार ताकदीचं आहे, आम्ही नवोदितांना संधी देतो वगैरे. ६५ हजार भरायचे, ३०० प्रती काढणार, १०० मला आणि २०० त्यांच्याकडं विक्रीला, किंमत २२० टाकणार, विक्रीवर १० टक्के रॉयल्टी, शिवाय आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) ‘फ्री’, ऑनलाइन विक्री, आणि एक सन्मानपत्र. महिनाअखेर भरले तर ५ हजार सूट.

बायको म्हणती भरून टाका, तेवढंच समाधान. वडील म्हणतात त्यात एक म्हस आली असती. तुम्ही अनुभवी लोक सांगा, भरू का थांबू? आणि थांबायचं तर नेमकं कशासाठी थांबायचं, कुणाकडं जायचं, ते पण सांगा. नुसतं ‘लिहीत राहा’ नको.

थेट_पॉइंटवर

वडिलांचं ऐक. म्हस दूध तरी देती.

लक्ष्मीपुरीचा_डीटीपीवाला

भावा, आधी गणित, साहित्य मागनं. ६५ हजाराला ३०० म्हणजे एक प्रत पडली २१६ रुपये आणि वर चिल्लर. छापील किंमत २२०. म्हणजे आख्खी आवृत्ती तूच छापील किमतीला विकत घेतलीस, त्यातल्या १०० तुझ्या घरात आणि २०० त्यांच्या गोडाऊनला, त्या विकल्या तर तुझ्याच पैशानं छापलेल्या पुस्तकावर तुलाच २२ रुपये. बाकीचे कुणाच्या खिशात गेले ते तूच बघ. नाद खुळा धंदा हाय.

मी छपाईच्या लाइनीत आहे म्हणून माझ्या बाजूचं सांगतो. १६० पानं डेमी आकारात म्हणजे १६ पानी १० फॉर्म, एका मोठ्या कागदावर एकदम छापतात तो एक फॉर्म. आत ७० जीएसएम (हे कागदाचं वजन) नॅचरल शेड कागद, कव्हरला ३०० जीएसएम आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन, परफेक्ट बायंडिंग. आकडा इथं लिहीत नाही कारण कागदाचा रेट सारखा हलतो, पण हे एवढं स्पेसिफिकेशन कागदावर लिहून कोल्हापुरातल्या कुठल्याही दोन प्रेसमधनं लेखी कोटेशन घे, ३०० चं पण आणि ५०० चं पण. ५०० चं बिल ३०० च्या दीडपट येत नाही हे तुझं तुलाच दिसेल, कारण ऑफसेटला प्लेट आणि मशीन लावायचा खर्च एकदाच असतोय. शंभर-दीडशेच काढायच्या असल्या तर डिजिटलवर काढायच्या, संपल्या की परत काढायच्या.

दुसरं. फाइल कशात आहे? श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप केली असशील तर युनिकोडला, म्हणजे मोबाइलवर चालतो त्या फाँटात, नेताना बरोबर घोळ होतोय. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षराच्या आधीची वेलांटी भलतीकडंच चिकटते, ‘दुसऱ्याचा’ चा ‘दुसर्याचा’ होतो. कन्व्हर्टर मारून झालं म्हणून फाइल सरळ मशीनवर पाठवली की खेळ खल्लास. कन्व्हर्शन झाल्यावर पहिलं प्रूफ, मांडणी झाल्यावर दुसरं, आणि तिसरं कागदावर प्रिंट काढून. हे तिसरं लेखकानं एकट्यानं वाचू नये. आपण लिहिलेलं आपल्याला दिसतच नाही, डोकं परस्पर दुरुस्त करून पुढं जातंय. आमच्याकडं एका काकांनी आत्मचरित्राच्या आतल्या पानांचं प्रूफ घरातल्या सगळ्यांकडनं वाचून घेतलं, कव्हर कुणीच वाचलं नाही, आणि कव्हरवर त्यांच्याच आडनावातला अनुस्वार गायब. सही करून पास केलेलं प्रूफ होतं, सगळी कव्हरं परत छापली.

ताराबाई_पार्कातली

दुसऱ्याच दिवशी फोन आला ना? मग एवढंच विचार त्यांना, तुम्हाला यातली कुठली कथा जास्त आवडली आणि कुठली काढून टाकावी वाटली. रात्रीत एकशेसाठ पानं वाचली असतील तर सांगतील की.

मी पण कथाच लिहितो, दोन संग्रह झालेत, पैसे एकदाही भरले नाहीत, फार मिळाले असंही नाही. माझा मार्ग सांगतो, तो एकच आहे असं नाही.

पुस्तकाचा नाद आधी सोड. एक-एक कथा सुटी सुटी छापून आण. आपल्याकडं दिवाळी अंक नावाची जी गोष्ट आहे ती नवीन कथालेखकाला अजून पण सगळ्यात मोठं दार आहे. १९०९ ला का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासनं चाललंय हे, आणि अजून दरवर्षी शेकड्यानी अंक निघतात. संपादक कथा मागवायला उन्हाळा संपता संपता सुरुवात करतात, जुलै-ऑगस्टला बहुतेकांचं ठरलेलं असतंय, त्यामुळं गणपतीत कथा पाठवून दिवाळीची वाट बघत बसू नको. पाठवायच्या आधी तो अंक मागच्या दोन-तीन वर्षांचा वाच. ग्रामीण कथा जिथं कधीच आली नाही तिथं पाठवून आमच्या मातीचा अपमान झाला म्हणून पोस्टी टाकण्यात अर्थ नाही. एका वेळी एक कथा एकाच अंकाला. नकार आला की दुसऱ्याला.

आणि नकारातला कधी कधी फुकटचा क्लास असतोय. पाण्याच्या पाळीवरनं भावाभावात लागलेल्या भांडणाची माझी एक कथा होती, तिच्यात पहिली तीन पानं मी गाव उभं केलं होतं, देवळाचा कळस, पारावरची मंडळी, एसटी, धूळ, सगळं. संपादकांनी फोन केला, म्हणाले बाई, कथा चौथ्या पानावर सुरू होते, ‘लाईट रात्री दोनला येणार होती’ या वाक्यावर. वरचं सगळं काढा, आणि त्यातलं जे काढून चालत नाही तेवढंच खाली कुठंतरी घाला. मला एवढा राग आला होता की दोन दिवस फाइल उघडली नाही. मग काढून बघितलं. तीन पानातलं खाली घालावं लागलं ते दीड वाक्य. त्या अंकात नाही आली ती कथा, पुढच्या वर्षी दुसरीकडं आली.

असं चार चांगल्या अंकांत नाव आलं की मग प्रकाशकाला पत्र लिहिताना हातात काहीतरी असतं. माझ्या प्रकाशकांनी हो म्हणायला सहा-सात महिने घेतले, हो म्हटल्यावर पुस्तक हातात यायला वर्षाच्या वर गेलं. मधे दोन कथा गाळल्या, एकीचा शेवट तीनदा लिहून घेतला. ते ६५ हजारवाले तुझी एक तरी ओळ बदला म्हणालेत का?

गडहिंग्लजचं_पोरगं

नाही ताई. ‘आम्ही लेखकाच्या शब्दाला हात लावत नाही’ असं म्हणाले. मला तर ते भारी वाटलं होतं.

ताराबाई_पार्कातली

तेच तर. हात लावायला वाचावं लागतं.

वाचनालयातला_म्हातारा

चर्चा चांगली चाललीय म्हणून लिहितो. संपादन हा प्रकार मराठीत किती गंभीरपणे चालायचा ते ‘सत्यकथा’ मासिकवाल्यांना विचारा. तिथले संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन एकेका कथेवर लेखकाला पत्रं लिहीत, परत पाठवत, परत मागवत. काही लेखक त्याला कंटाळले, काहींनी शिव्या पण घातल्या, ‘सत्यकथा’ची होळी पण झाली, पण १९८२ ला मासिक बंद पडल्यावर तशी जागा राहिली नाही ही तक्रार तेव्हापासून ऐकतोय. आता बहुतेक ठिकाणी संपादक म्हणजे शुद्धलेखन तपासणारा माणूस. म्हणून मिळाला तर सोडू नका.

दुसरा मुद्दा, कोल्हापुरात बसून काय होणार, सगळं पुण्या-मुंबईत, असं जे पोरांना वाटतं त्याबद्दल. शिवाजी सावंत इथं राजाराम हायस्कूलमध्ये शिक्षक होते, ‘मृत्युंजय’ १९६७ ला आली ती पुण्याच्या कॉन्टिनेन्टल प्रकाशनाकडून. बाबा कदम पोलीस प्रॉसिक्युटर, कोर्टातलं काम सांभाळून कादंबऱ्या, आणि सर्क्युलेटिंग लायब्ररीत त्यांच्या पुस्तकांना नंबर लागायचे, मी स्वतः कार्डावर शिक्के मारलेत. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरण चालवायचे, पीठ अंगावर आणि कथा दिवाळी अंकात. आताचं बघायचं तर साहित्य अकादमी पुरस्कार २०२१ ला किरण गुरवांना आणि २०२३ ला कृष्णात खोतांना, दोघं आपल्या जिल्ह्यातले, आणि त्याआधी २००१ ला राजन गवस. मेहता पब्लिशिंगची सुरुवात पण कोल्हापुरातलीच. तेव्हा पत्ता आडवा येत नाही, पोस्टाला तिकीट सगळीकडून सारखंच लागतं.

फुकट मिळणारी एक गोष्ट कुणी बोललं नाही अजून. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ज्याचं एकही पुस्तक आलेलं नाही त्याच्या पहिल्या पुस्तकासाठी. हस्तलिखितं मागवल्याची जाहिरात येते, तज्ज्ञ वाचतात, निवडलं तर प्रकाशनाला अनुदान. वेळ लागतो, सरकारी काम आहे. पण एक गोम बघा, हे पहिल्याच पुस्तकाला आहे. ६५ हजार भरून घाईघाईत एक पुस्तक काढलं की ते दार बंद. राज्य वाङ्मय पुरस्कारात पण प्रथम प्रकाशनासाठी वेगळे पुरस्कार असतात, ती संधी पण एकदाच. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे ३५ वर्षांच्या आतल्यांना, ५० हजार रुपये, वय बसत असेल तर लक्षात ठेवा.

कसबा_बावड्याचा_वकील

सगळ्यांनी पैशाचं सांगितलं, कागदाचं कुणी नाही. पोरा, त्यांनी करार पाठवलाय का? पाठवला असेल तर ‘कॉपीराइट’ शब्द शोध त्यात.

सरळ भाषेत सांगतो. तू कथा लिहिलीस त्या क्षणी कॉपीराइट तुझा, १९५७ च्या कायद्यानं, त्यासाठी नोंदणी करावीच लागते असं नाही. नोंदणी करता येते, उद्या कोर्टात पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण नाही केली म्हणून हक्क जात नाही. तुझ्या हयातभर आणि नंतर ६० वर्षं वारसांना. आता हा हक्क प्रकाशकाला द्यायचा तर ते लेखी आणि सहीनिशीच लागतं, तोंडी ‘देऊन टाकलं’ला काही किंमत नाही. कुठलं पुस्तक, कुठले हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात, रॉयल्टी किती, हे त्यात असायला पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन प्रकाशक वर्षभर नुसता बसून राहिला, काही केलंच नाही, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तेव्हा ते हस्तांतरण गळून पडतं. हे कलम १९ मधे आहे, कुणी दमात घेतलं तर आकडा सांगायचा.

आता फसतात कुठं. ‘सर्व हक्क, सर्व भाषा, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’ अशी एक ओळ असते आणि लेखक पुस्तकाच्या आनंदात सही करून मोकळा. उद्या तुझ्या त्या पाणी पाजणाऱ्या म्हाताऱ्यावर कुणी सिनेमा काढतो म्हणाला, वेबसिरीज काढतो म्हणाला, तर पैसे कुणाला? कोल्हापूरकराला सिनेमाचं मी काय सांगावं. म्हणून फक्त मराठीतल्या छापील पुस्तकाचा हक्क द्यायचा, तो पण मुदतीचा, आवृत्ती संपल्यावर अमुक महिन्यांत पुन्हा काढली नाही तर हक्क परत. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, नाटक-सिनेमा सगळं वेगळं लिहून घ्यायचं. रॉयल्टी कशावर, छापील किमतीवर की त्यांच्या हातात पडणाऱ्या रकमेवर, हे पण लिहून घे, दोन्हीत निम्म्याचा फरक पडतो. हिशेब वर्षातनं एकदा लेखी. आणि खाली बारीक अक्षरात ‘वाद झाल्यास अमुक शहराचं न्यायक्षेत्र’ असतं ते वाच. २२ रुपयाच्या रॉयल्टीसाठी दिल्लीला जाणार आहेस का? कॉपीराइटच्या दाव्यात खरं तर तू राहतोस तिथल्या जिल्हा न्यायालयात जायची सोय कायद्यानं दिलीय, ती सोय तू स्वतःच सही करून कशाला घालवतोस.

लक्ष्मीपुरीचा_डीटीपीवाला

आयएसबीएन ‘फ्री’ म्हणाले ना, तो सगळ्यांनाच फ्री आहे. राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी, दिल्ली, ऑनलाइन अर्ज करायचा, लेखक स्वतःच्या नावानं पण करू शकतोय. त्याचे पैसे लावणारे पण बघितलेत मी.

महाद्वार_रोडचा_पुस्तकवाला

छापायचं सगळे बोलतात, विकायचं मी सांगतो. दुकानात काउंटरवर बसून आयुष्य गेलंय.

समजा किंमत २२०. वितरकाला आणि दुकानदाराला मिळून ४० ते ५० टक्के सुटतात, म्हणजे प्रकाशकाच्या हातात ११०-१३०. त्यातनं कागद, छपाई, बायंडिंग, लेखकाचे २२, ट्रान्सपोर्ट, आणि न खपलेला माल परत येतो त्याची पोती. म्हणून चांगला प्रकाशक नवीन कथासंग्रह घ्यायला कचरतो, तुमचं लिखाण वाईट आहे म्हणून नव्हे. आणि म्हणूनच तो घेतो तेव्हा विकायची धडपड पण करतो, त्याचे पैसे अडकलेले असतात. ज्याला लेखकाकडूनच सगळे पैसे सुटलेत तो २०० प्रती घेऊन माझ्या दुकानात कशाला येईल? त्याचा नफा पुस्तक छापायच्या आधीच झालाय. मी उभ्या आयुष्यात असल्या प्रकाशनांचा सेल्समन दारात बघितला नाही, लेखकच येतात बिचारे पिशवीत प्रती घेऊन.

पिशवी घेऊन आला तरी मी ठेवतो हां पाच प्रती. पण पुस्तकाच्या पाठीवर, म्हणजे कपाटात लावल्यावर जी पट्टी दिसते तिच्यावर, नाव वाचता आलं पाहिजे. निम्म्या घरगुती पुस्तकांची पाठ कोरी किंवा अक्षर एवढं वळसेदार की गिऱ्हाइकाला कळतच नाही काय आहे. मलपृष्ठावर लेखकाचा सूटबुटातला फोटो आणि सतरा पुरस्कारांची यादी, आत काय आहे त्याची एक ओळ नाही. गिऱ्हाईक पुस्तक उलटं करून बघतं ना, ते ओळ शोधत असतं, फोटो नाही.

वाचनालयं हा आपला खरा गिऱ्हाईक. राज्यात अनुदानित वाचनालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत, सगळी धडधाकट नाहीत, पण पुस्तकं घेतात. ग्रंथालय संचालनालय दरवर्षी शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं, त्यासाठी मुदतीत प्रत सादर करावी लागते. तुमच्या त्या प्रकाशनवाल्याला विचारा, यादीसाठी प्रत पाठवणार का, कधी पाठवणार. तिथंच त, त, प, प सुरू होतं का बघा.

वाचनालयातला_म्हातारा

वाचनालयाचं निघालंच आहे म्हणून, देशातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ ला आपल्या कोल्हापूर संस्थानानं केला, आणि करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. आपल्या गावाला एवढं तरी माहीत असू दे. पोरानं आधी तिथं जाऊन बसावं, ज्या प्रकाशनाला पाठवायचं त्यांची गेल्या पाच वर्षांतली कथांची पुस्तकं चाळावीत. फुकटात कळतं कोण काय छापतंय.

कागलची_सून

थोडं उलटं बोलू का? रागावू नका. माझ्या वडिलांच्या कविता आम्ही भावंडांनी पैसे घालून छापल्या, दीडशे प्रती, ते ऐंशीचे झाले त्या वर्षी. कुठल्या दुकानात ठेवल्या नाहीत, यादीबिदी काही नाही. पाहुण्यांना वाटल्या, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठवल्या. ते रोज सकाळी स्वतःचीच कविता मोठ्यानं वाचतात आता. आम्हाला एक रुपया परत नको होता. मग आम्ही पण फसलो का?

ताराबाई_पार्कातली

अजिबात नाही गं. तुम्ही काय विकत घेताय ते तुम्हाला माहीत होतं.

लक्ष्मीपुरीचा_डीटीपीवाला

वहिनी, तुमच्यासारखं काम आम्हाला सगळ्यात आवडतं. थेट प्रेसला आलात, मधे दलाल नाही.

वाचनालयातला_म्हातारा

पदरच्या पैशानं पुस्तक काढणं यात कमीपणा नाहीच. कवी अरुण कोलटकर, जन्म कोल्हापूरचा. ‘जेजुरी’ (इंग्रजी कविता) १९७६ ला आली ती कवींनी कवींसाठी काढलेल्या क्लिअरिंग हाऊसकडून, आणि १९७७ चा मराठी संग्रह अशोक शहाणेंच्या प्रास प्रकाशनाकडून, म्हणजे मित्राचं प्रकाशन. पण तिथं पुस्तकाच्या आकारापासून कागदापर्यंत प्रत्येक गोष्टीवर डोकं घालून काम झालेलं. स्वतः काढायचं तर तसं काढावं, मग त्याला स्वतःचं पुस्तक म्हणता येतं. आणि हो, स्वतः प्रकाशक झालात तर १९५४ च्या कायद्यानं प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि बाकीच्या तीन ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते, ते कुणी करत नाही.

पुण्यात_अडकलेला_कोल्हापूरकर

सगळे कागदाचंच बोलतायत म्हणून मी मोबाइलचं बोलतो. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-बुक स्वतः टाकता येतं, पैसे लागत नाहीत, रॉयल्टी ३५ टक्के किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० पाहिजे असेल तर त्यांच्या सिलेक्ट योजनेत जावं लागतं, आणि तिथं ९० दिवस तेच पुस्तक डिजिटल स्वरूपात दुसरीकडं कुठंच ठेवता येत नाही, प्रतिलिपी नावाच्या कथांच्या ॲपवर पण नाही. प्रतिलिपीवर वाचक भरपूर आहेत, रोज भाग टाकणाऱ्याला चालना मिळते, पण तिथली चव वेगळी आहे, मालिकेसारखं पुढच्या भागात काय होणार यावर सगळं चालतं. तुझ्या कथा तशा नसतील तर लाइक मोजून स्वतःला कमी समजू नको.

आणि एक महत्त्वाचं, कथा ऑनलाइन टाकलीस की बरेच दिवाळी अंकवाले तिला प्रकाशित धरतात, त्यांना अप्रकाशित पाहिजे असते. तेव्हा अंकाला पाठवायच्या कथा फेसबुकवर चिकटवू नकोस. लाइकसाठी हात शिवशिवले तरी.

थेट_पॉइंटवर

एवढं सगळं करून वाचणार कोण पण? आख्खं गाव रील बघतंय.

महाद्वार_रोडचा_पुस्तकवाला

शाहू स्मारकला पुस्तक प्रदर्शन लागतं तेव्हा येऊन उभं राहा संध्याकाळी. कॉलेजची पोरं पैसे गोळा करून एक पुस्तक घेतात. रीलवर बघूनच पुस्तक मागायला येणारी पण आहेत, ती रील कोण करतंय मला माहीत नाही पण त्याला चहा पाजायला पाहिजे.

गडहिंग्लजचं_पोरगं

एवढं सगळं वाचून डोकं भंजाळलंय पण चांगल्या अर्थानं. प्रकाशनाला फोन केला आत्ता. ताईंनी सांगितलेलं विचारलं, कुठली कथा आवडली. म्हणाले ‘सर, सगळ्याच छान आहेत, ग्रामीण जीवनाचं वास्तव आहे.’ मी म्हटलं त्यातली एक तरी नावानं सांगा. म्हणाले आमची संपादकीय टीम तुम्हाला कॉल बॅक करेल. शासनमान्य यादीचं विचारलं तर म्हणाले ते आमच्या प्रीमियम पॅकेजमधे आहे, ८५ हजार. वकीलसाहेब, करार मागवलाय, ‘पेमेंटनंतर पाठवतो’ असं उत्तर आलंय.

कसबा_बावड्याचा_वकील

पेमेंटनंतर! ठेव फोन.

गडहिंग्लजचं_पोरगं

ठेवला. आता ताई, मिरचीच्या बाजाराची कथा दिवाळी अंकाला पाठवायची म्हणतोय, २६ पानं आहे. सोबत पत्र कसं लिहू? माझा परिचय, शिक्षण, कॉलेजला मिळालेलं बक्षीस हे लिहू का?

ताराबाई_पार्कातली

चार ओळी बास. कथेचं नाव, शब्दसंख्या, अप्रकाशित आहे, दुसरीकडं पाठवलेली नाही, तुझा पत्ता-फोन. कथा कशाबद्दल आहे ते पत्रात समजावून सांगू नको, आणि ‘आपल्या मौल्यवान अभिप्रायाच्या प्रतीक्षेत’ लिहू नको. बक्षीस ठेव घरात. २६ पानं मात्र अंकाला जास्त होतात, नवीन माणसाला एवढी जागा कुणी देत नाही. आधी मला पाठव, वाचतो. बाजार नेमका कितव्या पानावर भरतोय?

गडहिंग्लजचं_पोरगं

सहाव्या.

ताराबाई_पार्कातली

मग पाठवायच्या आधी पहिली पाच परत वाच. पेन घेऊन.

लक्ष्मीपुरीचा_डीटीपीवाला

आणि वर्ड फाइल पाठव, युनिकोडमधे. पीडीएफ नको, मोबाइलवर वहीचे फोटो काढून तर अजिबात नको, ते आमच्याकडं टायपिंगला येतात आणि आम्ही शिव्या देतो.

रंकाळ्यावरचा_कवी

मंडळी, हे सगळं कथांना झालं. माझा कवितासंग्रह तयार आहे, त्याला पण हेच लागू का?

महाद्वार_रोडचा_पुस्तकवाला

कवितांसाठी वेगळा धागा काढा. तिथं अजून रडारड आहे.